दान खिशातून की करातून?

"येशू गरिबांचा, मग अमेरिकेतले त्याचे भक्त श्रीमंतांचा कर कमी करणाऱ्या पक्षाला मतं कशी देतात?" आमच्या ऑफिसातल्या तरुण वार्ताहराचा प्रश्न. चहा संपेपर्यंत देता येईल असं उत्तर नाही, म्हणून इथं लिहितोय.

ही युती मुळात गरजेतून झाली. १९५५ साली विल्यम बकली यांनी 'नॅशनल रिव्ह्यू' काढलं. त्याभोवती एक गट धर्म-परंपरा जपा म्हणणारा, दुसरा सरकारने माणसाच्या वाटेला जाऊ नये म्हणणारा. कम्युनिझम दोघांचाही शत्रू. फ्रँक मेयर यांनी सांधा जोडला: बळजबरीने करवून घेतलेलं पुण्य हे पुण्यच नव्हे, त्यामुळे सद्गुणाला आधी स्वातंत्र्य लागतं.

सांधा तेव्हाही कुरकुरत होताच. आयन रँड बाजाराची कट्टर समर्थक आणि तितकीच कट्टर नास्तिक. १९५७ मध्ये तिच्या 'ॲटलस श्रग्ड'वर व्हिटेकर चेंबर्स यांनी याच नियतकालिकात सडकून टीका केली.

मेयर यांचा मुद्दा मला पटतो. त्याचा पुरावा आपल्या मिरजेत आहे. अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनच्या डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये इथं हॉस्पिटल सुरू केलं. माझ्या आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन तिथलंच. त्यासाठी अमेरिकन सरकारने कुणावर कर लावला नव्हता. लोकांनी आपणहून पैसे दिले.

पण देणगीची पेटी कुठवर पुरणार? २००३ मध्ये जॉर्ज बुश यांनी, म्हणजे श्रद्धाळू ख्रिस्ती आणि रिपब्लिकन माणसाने, मुख्यतः आफ्रिकेतल्या एचआयव्ही रुग्णांसाठी 'पेपफार' योजना आणली. पाच वर्षांत १५ अब्ज डॉलर, तेही करातून. लाखो जीव वाचले. एवढा पैसा रविवारच्या दानातून जमला नसता.

जानेवारी २०२५ मध्ये ट्रम्प सरकारने परदेशी मदत रोखली. 'पेपफार'ला नंतर काही सूट मिळाली, पण तोवर औषधांची साखळी विस्कळीत झाली होती. त्याच महिन्यात, २०१९ साली कॅथलिक झालेले उपराष्ट्राध्यक्ष व्हान्स म्हणाले की ख्रिस्ती शिकवणीप्रमाणे आधी कुटुंब, मग शेजारी, मग आपला समाज, मग देश आणि त्यानंतर जग. फेब्रुवारीत पोप फ्रान्सिस यांनी स्थलांतरितांविषयी अमेरिकन बिशपांना पत्र लिहिलं आणि चांगल्या शोमरोन्याची आठवण दिली. रस्त्यात जखमी पडलेल्या परक्याला उचलणारा तो माणूस.

बळजबरीचं पुण्य खोटं, मान्य. पण पुण्य ऐच्छिक आहे म्हणून ते केलंच नाही तरी चालेल, असं मेयरसुद्धा म्हणाले नव्हते. सरकारने देऊ नये असं ज्याला वाटतं, त्याने स्वतः किती दिलं हे विचारायचा हक्क आपल्याला आहे. मिरजेसाठी पैसे देणाऱ्या त्या लोकांपैकी बहुतेकांनी मिरज कधी पाहिलीही नसेल. तरी त्यांनी दिले.

तुम्हाला काय वाटतं? कमेंटमध्ये लिहा, शिव्या सोडून.