गाऊनवर ओढणी



परवा सूनबाई रात्रीच्या पायजम्यावरच खालच्या दुकानातून दूध घेऊन आली. मी म्हटलं, "अगं, रहाटणी आता पूर्वीचं गाव नसलं तरी लोक बघतात. निदान कुर्ता घालायचास!"

ती शांतपणे म्हणाली, "आई, तुम्ही गाऊनवर ओढणी घेऊन भाजीच्या गाडीवर जाताच ना?"

मी गप्प. कितीतरी वर्षं तेच करतेय.

२०१४ साली नवी मुंबईतल्या गोठीवलीत महिला मंडळानेच दिवसा गाऊनवर बाहेर फिरणाऱ्या बाईला ५०० रुपये दंड जाहीर केला होता. २०१८ मध्ये आंध्रातल्या एका गावाने २,००० रुपये ठरवले. गोठीवलीची बातमी वाचून मी "बरं झालं" म्हणाले होते. तो दंड मलाही लागला असता, हे डोक्यातच आलं नाही!

गाऊन अंगभर, पायजमाही अंगभर. माझी सवय ती मर्यादा, तिची सवय तो आळस, असा माझा हिशेब. बी.कॉम. होऊनही चुकलेला.

ती रात्री दोनपर्यंत ऑफिसचं काम करून बाळाच्या दुधासाठी धावली होती. ते मला दिसलं नाही. वर शेजारणीकडे बोलूनही झालं. अठरा पापस्थानकांतला परपरिवाद हाच की!

स्थानकात, लग्नकार्यात नीटनेटकं जावंच. कोपऱ्यावरच्या दुकानाला एवढा थाट कशाला?

सकाळचं दूध आता मीच आणते. गाऊनवर, ओढणी घेऊन.