तबकावरची झळाळी

पितळी तबकावरील झळाळी मध्यापासून काठाकडे ओसरत नाही. ती मध्याभोवती फिरत उजळते नि मंदावते. संगणकावर ‘इंकस्केप’मध्ये विद्यार्थ्यांसह ती रेखाटू लागलो, तेव्हा सहज हाताशी येणाऱ्या छटा दोनच : सरळ जाणारी व केंद्रातून पसरणारी. म्हणून आम्ही वर्तुळाचे ५ अंशांचे ७२ चिंचोळे त्रिकोण केले. प्रत्येकाचा रंग शेजाऱ्याहून किंचित निराळा ठेविला. सांध्यांतून केसासारख्या पांढऱ्या रेषा डोकावल्या. प्रत्येक त्रिकोण थोडा रुंद करून शेजाऱ्याखाली सरकविताच त्या मिटल्या. शेवटची छटा पहिलीशी जुळली आणि झळाळी अखंड झाली.

बालमित्रहो, खऱ्या तबकावर ही झळाळी उमटते ती चिंचेने गोल गोल घासणाऱ्या हाताच्या असंख्य बारीक ओरखड्यांमुळे. ७२ त्रिकोण जुळविताना त्या हाताचे श्रम आम्हांस प्रथमच मोजता आले.