भोकाची सावली

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी मी निगडीहून रोज पुण्यातल्या प्रयोगशाळेत जायचे. सिलिकॉनच्या चकतीवर सोन्याच्या अतिशय बारीक, एके ठिकाणी फट ठेवलेल्या कड्या. त्यातून टेराहर्ट्झ लहरी सोडल्या की ठरावीक वारंवारतेला आलेखात खड्डा पडतो. चकतीवर लेसर टाकला की सिलिकॉनमध्ये मोकळे इलेक्ट्रॉन तयार होतात, फट बुजल्यासारखी होते आणि खड्डा भरतो. २००६ साली अमेरिकेत पॅडिला आणि सहकाऱ्यांनी गॅलियम आर्सेनाइडवर हे करून दाखवलं होतं.

माझा खड्डा काही हलेना.

पहिला आठवडा पावसाने खाल्ला. ०.७५ टेराहर्ट्झपाशी सुरेख खड्डा दिसला, मी फोटोही काढला. तो निघाला हवेतल्या बाष्पाचा. चकती ठेवलेल्या पेटीत कोरडा नायट्रोजन सोडल्यावर तो गेला. चकतीचा खरा खड्डा ०.६५ जवळ होता. लेसर लावला तरी तोही ढिम्म.

८०८ नॅनोमीटरचा लेसर डोळ्यांना धड दिसत नाही, त्यात संरक्षक चष्मा. मीटरवर पॉवर बरोबर येत होती. मग मी चकतीलाच दोष दिला. सरांना तसा मेलही करून टाकला.

चकती धरायचा होल्डर भोसरी एमआयडीसीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये करून घेतला होता. ६ मिमी जाड अ‍ॅल्युमिनियमची प्लेट, ८ मिमीचं भोक, मागे चकती. आणखी एक हवा म्हणून पुन्हा गेले. लेथवरच्या काकांनी विचारलं, "लेसर कुठनं येतो?" मी हात ४५ अंशांत तिरका धरला. त्यांनी भोकामागे कागद लावला आणि मोबाइलची बॅटरी तशीच तिरकी मारली. कागदाच्या एका कडेला नखाएवढी कोर उजळली. बाकी सगळी सावली.

"ताई, भोकाची भिंत आडवी येतीय की."

६ मिमीच्या भिंतीची ६ मिमी सावली. टेराहर्ट्झचा ठिपका मधोमध, उजेड कडेला. मीटर मी रोज होल्डरच्या अलीकडे धरत होते, त्यामुळे आकडा बरोबरच यायचा. ड्रॉइंग माझंच होतं, त्यात लेसरची दिशा मी दाखवलीच नव्हती.

काकांनी लेसरच्या बाजूने ९० अंशांचा काउंटरसिंक, म्हणजे शंकूसारखा उतार, पार मागच्या कडेपर्यंत उतरवला. दहा मिनिटांचं काम. पैसे घेईनात, मग चहाचे मी दिले.

दुसऱ्या दिवशी लेसर लावला आणि खड्डा निम्मा भरला. बंद केला, परत पडला. चार वेळा तेच करून पाहिलं. मग सरांना दुसरा मेल लिहायला बसले. पहिल्यापेक्षा त्याला जास्त वेळ लागला.