चौदा मुंबयांएवढं अभयारण्य!

लोणावळा झालं, कोलाड झालं, ताडोब्याच्या जिप्सीत बसून वाघाच्या शेपटीचा फोटोही काढून झाला. आता पुढच्या वीकेंडला काय? मी मित्रमंडळींना 'नान्नज' सांगते आणि पुढचा प्रश्न ठरलेला असतो : 'तिथे बघायला काय आहे?' खरं उत्तर आहे, गवत. भरपूर गवत. एवढं ऐकल्यावर निम्मे लोक गळतात. उरलेल्या निम्म्यांसाठी हा लेख.

सोलापूरपासून बार्शी रस्त्याने वीसेक किलोमीटरवर नान्नज आहे. पुण्याहून संध्याकाळची हुतात्मा एक्सप्रेस किंवा मुंबईहून वंदे भारत पकडायची, रात्री सोलापुरात भाकरी आणि शेंगाचटणी हाणायची आणि पहाटे पाचला निघायचं. गावाच्या आसपास रस्त्यालगत द्राक्षांचे मांडव दिसतात. सुपरमार्केटमधून आपण जी लांबट 'सोनाका' द्राक्षं आणतो ना, ती जात याच गावच्या शेतकऱ्याच्या मळ्यातून आलेली. मग एका वळणानंतर मांडव संपतात आणि सपाट, उघडा माळ सुरू होतो. आडोसा नाही, झाड नाही, मोबाइलला जेमतेम रेंज.

मी गेले ते सप्टेंबरात. पावसाने गवत गुडघ्याला आलं होतं आणि पहिल्या दहा मिनिटांत माझ्या मोज्यांची कुसळांनी चाळण केली. पण सूर्य वर आला आणि सगळा माळ तांबूस सोनेरी झाला, तेव्हा कुसळं विसरायला झालं. चंडोल जमिनीवरून सरळ वर उडतो, आभाळात टांगल्यासारखा राहून गातो आणि दगड टाकल्यासारखा खाली येतो. लांब काळविटांचा कळप होता. नराची ती पिळदार शिंगं प्रत्यक्षात कॅलेंडरपेक्षा जास्त छान दिसतात. बरोबरच्या वनरक्षकांनी वाटेतच लांडग्याची विष्ठा दाखवली, केसांनी भरलेली. 'रात्री इथूनच गेलाय मॅडम.' लांडगा काही दिसला नाही, पण त्यानंतर मी गवताकडे जरा अदबीने बघायला लागले.

ज्याच्या नावाने हे अभयारण्य आहे, तो माळढोकही दिसला नाही. गेल्या काही वर्षांच्या गणनांत कधी एखादा दिसल्याच्या, कधी एकही न दिसल्याच्या बातम्या येत राहिल्या आहेत. तरीही त्याची ओळख करून घ्यायला हवी. उंची साधारण मीटरभर, नराचं वजन पंधरा किलोपर्यंत. म्हणजे उडू शकणाऱ्या जगातल्या सगळ्यात वजनदार पक्ष्यांपैकी एक. पावसाळ्यात नर गळ्याची पिशवी फुगवून घुमतो, तो आवाज माळावर दूरवर जातो. मादी वर्षाला बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. सलीम अली यांना हा राष्ट्रीय पक्षी व्हावासा वाटत होता, १९६३ मध्ये मान मिळाला मोराला. इंग्रजी 'बस्टर्ड' लिहिताना एक अक्षर चुकलं तर भलतीच शिवी होते, म्हणून त्याचा नंबर हुकला अशीही एक दंतकथा आहे. १९६९ च्या सुमारास देशात साडेबाराशेच्या आसपास माळढोक असल्याचा अंदाज होता. आता दीडशेच्या आतबाहेर, तेही जवळपास सगळे राजस्थानात.

बरं, मग कायदा कुठे होता? तर पहिल्यापासून इथेच होता. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात माळढोक पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीला. शिकार केली तर थेट तुरुंग. १९७९ मध्ये सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांत त्याच्यासाठी अभयारण्य जाहीर झालं. किती मोठं? तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटर! मुंबई शहर आणि उपनगर मिळून सहाशेच्या आसपास भरतात. म्हणजे चौदा मुंबया, किंवा दोन गोवे आणि वर थोडं. नकाशावर आखलेल्या त्या रेषेच्या आत गावं आली, बाजार आले, रस्ते आले, ऊस आला. पक्ष्याला लागणारं गवत मात्र त्यात तुकड्या-तुकड्यांनीच होतं.

आता या कायद्यात एक कलम आहे, विसावं. अभयारण्याची अधिसूचना निघाली की त्या हद्दीतल्या जमिनीवर वारसाहक्काखेरीज कुणाला नवा हक्क मिळत नाही. लोकांचे जुने हक्क तपासून, मिटवून मगच पुढे जायचं अशी कायद्याची अपेक्षा असते. इथे ते काम वर्षानुवर्षं रेंगाळलं. म्हणजे काय झालं, ते मला चहाच्या टपरीवर एका काकांनी सांगितलं. 'ताई, पाखरानं आमचं काय वाकडं केलं न्हाई. पोरीच्या लग्नाला दोन एकर काढायला निघालो तर म्हणले, अभयारण्यात हाय, खरेदीखत हुणार न्हाई. पोराच्या नावावर वारसानं चढती, पर इकता येत न्हाई. मग ढोक दिसला तरी आमी कुणाला सांगत नव्हतो. कशाला सांगायचं?'

त्यांचं शेवटचं वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. माळढोक नुसत्या राखीव तुकड्यावर राहणारा पक्षी नाही. ज्वारी-करडईच्या रानात, पडीक शेतात, मेंढरांच्या मागे नाकतोडे टिपत फिरणारा तो शेजारी आहे. शेतकऱ्याला तो नकोसा झाला, तर कुंपणाच्या आत कितीही गवत राखा, पुरणार कसं? आपल्याकडे कायदा कमी पडला अशी ओरड नेहमी होते. नान्नजला माझ्या मते तो एकीकडे अति पसरला आणि दुसरीकडे पोचलाच नाही. गवत नांगरलं गेलं, उजनीचं पाणी आलं, ऊस-द्राक्षं आली आणि कीटकनाशकांनी नाकतोडे गेले. त्यातलं काही त्या चौदा मुंबयांच्या रेषेने थांबलं नाही. शिवाय गवताळ माळ म्हणजे ओसाड जागा, हा आपला लाडका गैरसमज. काही पट्ट्यांत गिरिपुष्पाची लागवडसुद्धा झाली. दूरवर नजर ठेवून जगणाऱ्या पक्ष्याला झाडं म्हणजे अडचण!

हद्द छोटी करणंही सोपं नव्हतं. २००० पासून सुप्रीम कोर्टाच्या परवानगीशिवाय अभयारण्याची एक इंच जमीनही वगळता येत नव्हती. अखेर २०१२ च्या सुमारास ती परवानगी मिळाली आणि ८,४९६ चे १,२२२ चौरस किलोमीटर झाले. लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला, पण तोवर पक्षी बोटांवर मोजण्याइतके उरले होते.

कायद्याची दुसरी लढाई इथून दूर, राजस्थान-गुजरातेत झाली. माळढोकाचे डोळे डोक्याच्या बाजूंना, समोरचं कमी दिसतं आणि अंग जड. विजेची तार दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. १९७२ च्या कायद्याचा मसुदा ज्यांच्या हातून तयार झाला, ते एम. के. रणजितसिंह हेच २०१९ मध्ये माळढोकासाठी सुप्रीम कोर्टात गेले. एप्रिल २०२१ मध्ये कोर्टाने मोठ्या क्षेत्रातल्या तारा शक्य तिथे जमिनीखालून नेण्याचा आदेश दिला. सौरऊर्जेच्या प्रकल्पांचं काय, असा प्रश्न आला आणि मार्च २०२४ मध्ये तो आदेश सैल करून कोर्टाने तज्ज्ञांची समिती नेमली. एका बाजूला हवामान बदल रोखणारी वीज, दुसऱ्या बाजूला हा पक्षी. यात खलनायक शोधायला गेलात तर सापडणार नाही.

जैसलमेर जिल्ह्यात २०१९ पासून अंडी उबवून पिल्लं वाढवण्याचं काम सुरू झालं आणि ते जमतंयही. उद्या ती पिल्लं सोडायची झाली तर कुठे, हा खरा सवाल. वनरक्षकांना मी तेच विचारलं. ते म्हणाले, 'आम्ही गवत राखतोय. आला तर त्याला जागा पाहिजे ना.' आणि पुढे जाऊन त्यांनी पायवाटेवरची कुणाची तरी वेफर्सची पिशवी उचलून खिशात कोंबली.

जायचंच असेल तर पावसाळा संपता संपता किंवा थंडीत जा. आधी वनखात्याकडे चौकशी करा, परवानगी घ्या, स्थानिक माणूस बरोबर ठेवा. पांढरे-भडक कपडे नकोत, ड्रोन तर नकोच. गाडी रस्ता सोडून गवतात घालू नका, तिथे कुणाचं तरी घरटं जमिनीवर असतं. पाणी भरपूर न्या. आणि मोजे जुनेच घाला, परत येताना ते टाकूनच द्यावे लागतात.