आजींना आधी विचारायला हवे होते

विहारामागची खोली निराधार वृद्धांना राहायला द्यायचे ठरले, तेव्हा आम्हाला वाटले, रंग मारला, चकचकीत लाद्या बसवल्या की झाले. गवंडी, सुतार, प्लंबर आपल्यातलेच. श्रमदानाने महिन्यात काम उरकले. पहिल्याच आठवड्यात एक आजी ओल्या लादीवर घसरल्या आणि खुब्याचे हाड मोडले. चूक आमचीच. राहणार त्या, पण त्यांना आम्ही काही विचारलेच नव्हते.

मग त्यांच्या खाटेशी बसून विचारले. त्या म्हणाल्या, "पोरांनो, रात्री संडासला एकटीला जाता आलं पाहिजे. दुसऱ्याला उठवायची लाज वाटते."

त्या बोलण्यावरून खोली पुन्हा केली. खरबरीत लादी घातली. उंबरठा काढला. दाराशी उतार बांधला. एक फूट उंचीला बारा फूट लांबी. चाकाची खुर्ची जावी म्हणून दार तीन फुटांचे केले. संडासाचे दार बाहेर उघडणारे लावले, म्हणजे आत कुणी पडले तरी ते अडत नाही. कमोडशेजारी भिंतीत पक्का दांडा बसवला. दिव्याचे बटण खाटेवरून हाताला येते.

भगवंतांनी आनंदांना सोबत घेऊन आजारी भिक्खूला स्वतः धुतले, असे विनयपिटकात आहे. सेवा ती हीच. पण ज्याला स्वतःहून उठता येते, त्याला उठता येईल असे घर देणे हीसुद्धा सेवाच. बाबासाहेबांनी दिलेला स्वाभिमान म्हातारपणी का सुटावा?

आजी आता काठी टेकत एकट्या जातात. बंधू-भगिनींनो, थापी हातात घेण्याआधी तिथे राहणाऱ्याला विचारा.

जयभीम!