लाल शाईतली नोंद

परवा धाकट्या मुलीचा मुलगा सुट्टीला आला होता. दुपारी सगळे झोपले की याचे उद्योग सुरू. गाडीच्या शेडमध्ये जाऊन त्याने माझी हिरवी लोखंडी पेटी उघडली आणि आतली वही घेऊन थेट माझ्यासमोर उभा राहिला. "आजोबा, यात सगळ्यांनी निळ्या शाईनं लिहिलंय. पहिलीच ओळ लाल आहे आणि पुढे तुमचं नाव आहे. तुम्ही नापास झाला होतात का?"

मी त्याला म्हटलं, "हो. झालो होतो." त्याला गंमत वाटली, तो खेळायला पळाला. मी मात्र संध्याकाळपर्यंत त्या ओळीपाशीच अडकलो. ही गोष्ट पाचसहा जण सोडले तर कोणाला ठाऊक नाही. घरातही नाही. म्हटलं, आता लिहूनच टाकावी.

आमच्याकडे १९७८ सालची प्रीमियर पद्मिनी आहे हे नातेवाइकांना सांगायला नको. त्यांच्यातल्या निम्म्यांनी तिला कधी ना कधी धक्का मारलेला आहे! कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली, मूळची इटलीची फियाट ११००. पद्मिनी हे नाव तिला १९७४ मध्ये मिळालं. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन. मी ती १९८९ साली जुनीच घेतली आणि मास्तरकीच्या पगारात जमेल तशी सांभाळली. २०११ मध्ये तिने निळा धूर सोडायला सुरुवात केली. तोवर आमच्या जुन्या मेस्त्रींचं गॅरेज बंद झालं होतं आणि नवीन पोरं बॉनेट उघडून म्हणायची, "सर, विकून टाका की आता."

त्या वेळी मला अण्णा भेटले. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर आयुष्य काढलेला माणूस. त्यांची स्वतःची फियाट होती. ते म्हणाले, "सर, इंजिन काय देवानं केलेलं नाही. माणसानं केलंय. माणसाला खोलता येतंय." मी बी.ए., तेही मराठी घेऊन. पण निवृत्त माणसाकडे वेळ असतो आणि थोडा हट्टही असतो. हळूहळू आम्ही पाच जण जमलो. अण्णा, मी, एक डॉक्टर, एक निवृत्त फौजदार आणि बँकेत नोकरी करणारा माझाच एक जुना विद्यार्थी, १९९२ च्या दहावीच्या वर्गातला.

तुम्ही म्हणाल, पाच जण कशाला जमायला हवेत? त्याचं कारण म्हणजे हत्यारं. रिंग पाने, फिक्स पाने, पकड, हातोडी ही प्रत्येकाच्या घरी असतात. पण इंजिन पुरतं खोलायचं म्हटलं की अशी चारपाच हत्यारं लागतात, जी एरवी कशाच्याही कामाला येत नाहीत. व्हॉल्व्हची स्प्रिंग दाबून धरणारा कॉम्प्रेसर असतो. तो नसला तर स्प्रिंग सोडवताना नखाएवढे कॉटर उडतात आणि मग दोन दिवस आपण फरशीवर उपडे पडून ते शोधत बसतो. पिस्टन आत घालताना रिंगा आवळून धरणारा पट्टा असतो. त्याशिवाय रिंग मोडलीच म्हणून समजा. सिलिंडर किती झिजलाय ते मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत सांगणारा गेज असतो. आमच्या इंजिनाचा सिलिंडर मूळचा ६८ मिलिमीटरचा, पण वर्षानुवर्षं चालला की तो वरच्या बाजूला जास्त झिजतो आणि गोल राहत नाही. ते डोळ्यांना दिसत नाही. आणि शेवटचा टॉर्क पाना, बोल्ट ठरावीक जोरापर्यंत आवळला गेला की 'कट्' असा आवाज करणारा.

ही हत्यारं एका माणसाला पाच वर्षांत एकदा लागतात. प्रत्येकाने सगळी घेणं म्हणजे घरटी एक विहीर खणण्यासारखं. म्हणून आम्ही ठरवलं, प्रत्येकाने एकेक घ्यायचं आणि पाचांनी वापरायचं. पेटी माझी. मुलगी हॉस्टेलला गेली तेव्हाची तिची ट्रंक. टॉर्क पाना अण्णांनी आणला. कारखाना सोडताना मिळालेल्या पैशातून त्यांनी तो आधीच हौसेने घेतलेला होता. त्यांच्या अटी दोनच. त्याने कधी बोल्ट सैल करायचा नाही, फक्त आवळायचा. आणि काम झालं की मूठ उलटी फिरवून आतली स्प्रिंग सैल करून ठेवायची, ताणलेली ठेवायची नाही.

जून २०१७. माझ्या गाडीचं हेड बसवायचं काम होतं. मधल्या बोल्टपासून सुरुवात करून बाहेर बाहेर जात, तीन फेऱ्यांत थोडं थोडं आवळत नेलं. शेवटचा 'कट्' ऐकला, पाना मडगार्डवर टाकलेल्या फडक्यावर ठेवला आणि वरचं झाकण घ्यायला वळलो. फडकं सरकलं आणि पाना शहाबादी फरशीवर आपटला. आतून हिने विचारलं, "अहो, काय पडलं?" मी म्हटलं, "काही नाही, पाना."

उचलून बघितला. मुठीच्या टोकाला बारीकसा टवका उडाला होता, बाकी काही नाही. एक बोल्ट आवळून पाहिला, 'कट्' वाजला. चांगला आहे की, असं मनाशी म्हटलं. रॉकेलच्या फडक्याने पुसला आणि दुसऱ्या दिवशी अण्णांच्या हातात दिला. "आभार अण्णा, काम फक्कड झालं," असंही म्हणालो.

असा पाना पडला तर त्याच्या वाजण्यावर विश्वास ठेवायचा नसतो, हे मला माहीत होतं. अण्णांनीच सांगितलेलं. म्हणजे अज्ञान म्हणायलाही जागा नाही. मग बोललो का नाही? महागाची वस्तू होती, भरून द्यायला लागली असती, हे एक. आणि दुसरं, 'सर' म्हणवून घेणाऱ्या माणसाच्या हातून फडकं सरकलं, हे सांगायची लाज.

पुढच्या महिन्यात त्याच पान्याने बँकेतल्या विद्यार्थ्याने आपलं हेड आवळलं. ऑगस्टमध्ये बायको-मुलांना घेऊन तो रत्नागिरीला निघाला आणि अंबा घाटात गाडीने मान टाकली. पाणी उकळलं, मागून पांढरा धूर. तेलाची पट्टी काढून बघितली तर तेल दुधाळ झालेलं. गॅस्केट फुटून पाणी तेलात उतरलं होतं. भर पावसात दोन लहान मुलं घेऊन ही मंडळी टेम्पोने परत आली. हेड अॅल्युमिनियमचं, उष्णतेने वाकलं. त्याला फेसिंग मारावं लागलं.

त्या रविवारी नेहमीप्रमाणे सगळे अण्णांकडे चहाला. अण्णा त्याच्यावर चांगलेच उखडले. "घाई केलीस तू. तीन फेऱ्या मारल्याच नाहीस. पोरंबाळं घेऊन घाटात जातोस आणि बोल्ट ढिले?" तो म्हणत राहिला, "अण्णा, मारल्या हो." मग त्याने माझ्याकडे बघितलं. शाळेत मुलं बघतात ना, सर आपल्या बाजूने काहीतरी बोलतील म्हणून, तसं. मी कपातला चहा संपवत राहिलो.

अकरा दिवस मला झोप नव्हती, असं लिहिलं तर ते खोटं होईल. झोप येत होती. पण पहाटे जाग आली की पहिलं तेच आठवायचं. बाराव्या दिवशी अण्णांकडे गेलो आणि सांगितलं.

अण्णा काहीच बोलले नाहीत. उठले, पाना काढला आणि त्याचा चौकोनी खुंट व्हाइसमध्ये असा पकडला की पाना आडवा राहील. खुंटापासून ४० सेंटीमीटरवर, मुठीच्या मधोमध, दोरी बांधली. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून वजनं आणवली. ४० सेंटीमीटरवर १० किलो टांगले की ४ किलोग्रॅम-मीटरचा जोर पडतो, साधा तरफेचा हिशोब. पान्याचं स्वतःचं वजनही त्यांनी हिशोबात धरलं. पाना ४ वर लावून एकेक वजन चढवत गेले. १० पर्यंत जायलाच लागलं नाही. ८ च्या आसपासच 'कट्' वाजला. म्हणजे बिचाऱ्याने तिन्ही फेऱ्या नीट मारल्या होत्या आणि तरी प्रत्येक बोल्ट पाचवा हिस्सा कमीच आवळला गेला होता.

मी म्हटलं, "अण्णा, पाना मी भरून देतो."

ते म्हणाले, "पाना नीट करून आणता येतोय सर. त्या पोराला मी चौघांत बोललो, त्याचं काय करू?"

त्याच संध्याकाळी आम्ही दोघं त्याच्या घरी गेलो. मी सगळं सांगितलं. गॅस्केट, फेसिंग, टेम्पो, सगळ्याचा हिशोब करून पैसे पुढे केले. तो "राहू द्या सर" म्हणेल असं मला आतून वाटत होतं. तो तसं म्हणाला नाही. त्याने पैसे मोजून घेतले. बरोबरच केलं. दिवाळी गेली, संक्रांत गेली, रविवारच्या चहाला तो काही आला नाही.

त्या दिवसांत मला १९८३ सालची एक गोष्ट आठवत राहिली. शाळेच्या प्रयोगशाळेचा ताबा वर्षभर माझ्याकडे होता. वस्तू फोडली तर दंड, असा माझा कडक नियम. एकदा डब्यात फुटका थर्मामीटर सापडला, कोणीतरी नीट पुसून जागेवर ठेवलेला. मी अख्ख्या वर्गाला तासभर उभं केलं होतं. 'खोटारडे' म्हणालो होतो. त्या मुलाने जे केलं तेच मी सदुसष्टाव्या वर्षी केलं. पुसून जागेवर ठेवलं. दंडामुळे वस्तू फुटायच्या थांबत नाहीत, फुटल्याचं कळायचं तेवढं थांबतं. चौतीस वर्षं वर्गावर उभा राहून मला हे कळलं नव्हतं.

म्हणून मी ही वही केली. हजेरीपटासारखे रकाने आखले: तारीख, हत्यार, कोणी नेलं, कधी परत आलं. आणि शेवटचा रकाना, 'पडलं, वाकलं, अडलं?' या रकान्यात जो लिहील त्याला एक पैसा भरायचा नाही आणि एक शब्द ऐकून घ्यायचा नाही. दुरुस्तीचा खर्च पाचांत वाटायचा. पहिली नोंद माझी, लाल शाईत. फौजदार म्हणाले, "सर, लाल कशाला?" म्हटलं, आयुष्यभर दुसऱ्यांच्या वह्यांवर वापरली, एकदा आपल्याही नावापुढे असू द्या.

आता वही निम्मी भरली आहे. 'पुलरचा आटा गेला.' 'फिलर गेजचं एक पान वाकलं.' 'गेज हातातून निसटला, फडक्यावर पडला, तरी तपासावा.' ही शेवटची नोंद बँकेतल्या विद्यार्थ्याची. मार्च २०१८ मध्ये रिंगांचा पट्टा न्यायला तो आला, वही पहिल्या पानापासून वाचली, काही न बोलता सही केली. पुढच्या रविवारी चहाला आला.

पद्मिनी २००० च्या सुमारास बनायची थांबली. ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवरून काळीपिवळी पद्मिनीही गेली. आता ही हत्यारं हाताशी असलेले मेस्त्री शोधावे लागतात, त्यामुळे आमची पेटी इचलकरंजी, सांगलीपर्यंत फिरून येते. अनोळखी माणसालाही देतो. अट एकच, शेवटचा रकाना. अण्णा आता थकले आहेत. त्यांचा हात कापतो, पाना फिरवत नाहीत. पण दर जानेवारीत दोरी आणि वजनं घेऊन बसतात आणि पाना बरोबर कधी वाजतो ते कान देऊन ऐकतात.

असो. आमची गाडी २०२८ मध्ये पन्नास वर्षांची होईल. तोवर आम्ही दोघं चालते राहिलो म्हणजे मिळवली.

आणि हे वाचून झाल्यावर आमची ही विचारेलच, म्हणून आधीच सांगतो. त्या दिवशी तू विचारलंस, काय पडलं. अण्णांचा टॉर्क पाना पडला होता.