निर्लेखनाच्या वाटेवरची शाळा

१९ मार्च २०२४, हिंगोली

सकाळपासून पलटण, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा असे मोहल्ले पायी पालथे घातले. एकेकाळी इथे हैदराबाद कंटिन्जंट या फौजेची छावणी होती. याच फौजेच्या खर्चापोटी १८५३च्या तहात इंग्रजांनी निजामाकडून वऱ्हाड काढून घेतला आणि १९०३मध्ये फौजेचं वेगळेपणही संपलं. मोहल्ल्यांची नावं तेवढी टिकली. फोटो काढावा असं फारसं हाती लागलं नाही. इथे दगड वाया जात नाही. छावणीचाही कुणाच्या तरी जोत्यात गेला असणार.

२० मार्च, कळमनुरी तालुका

निजामकालीन शाळा. मुलं बाजूच्या नव्या खोल्यांत बसतात. जुन्या भिंतीवर लाल रंगात ‘धोकादायक, आत जाऊ नये’. मुख्याध्यापक म्हणाले, “इमारत पाडायचीय, निर्लेखनाचा प्रस्ताव वर गेलाय. पडलं-बिडलं तर जाब मला द्यावा लागंल.” म्हणून उंबऱ्यातूनच फोटो घेतले. पडक्या इमारतीत चोरून शिरण्यात मर्दुमकी मानणाऱ्यांशी माझं तसंही जमत नाही. भुताटकीचे काळेनिळे फोटो तर नकोच.

दोन हात जाडीची दगडी भिंत, चुन्यात बांधलेली. माळवदाचा एक खण खाली आलाय, पांढऱ्या मातीच्या ढिगातून सागवानी तुळई तिरपी वर निघालीय. फळा भिंतीतच घोटलेला. त्याच्या वरच्या बाजूला रंगाचे पापुद्रे सुटलेत: वर मराठी सुविचार, त्याखाली निळा रंग, त्याखाली चुना आणि चुन्यावर उर्दूची अर्धी ओळ. १९४८पर्यंत संस्थानात शिक्षणात उर्दूचाच वरचष्मा होता. त्या वितभर जागेसमोर दुपार गेली. ऊन कलतं झाल्यावर अक्षरं जरा उठून दिसली.

ओसरीत मात्र हळदीची पोती. सगळीकडे हळद शिजवायचा हंगाम. लेन्स पुसायचं फडकंसुद्धा पिवळं झालं.

एक आजोबा काठी टेकत आले. “नोंदी पाहायला आलात का?” फोटो काढतोय म्हटल्यावर त्यांचा चेहराच पडला. सप्टेंबर २०२३मध्ये मराठा कुटुंबांच्या कुणबी नोंदी शोधायला न्या. शिंदे समिती नेमली गेल्यापासून मराठवाड्यात जुन्या दप्तरांना सोन्याचा भाव आलाय. १९६७पूर्वीच्या दाखल-खारीज रजिस्टरात ‘कुणबी’ सापडलं तर ओबीसी आरक्षणामुळे घरातल्या पोराचं भविष्य बदलतं. इथली पेटी दिवाळीच्या सुमारास तालुक्याला गेली म्हणे. आजोबांनी विचारलं, “मग रिकाम्या भिंतीचे फोटो काढून काय करता?” मला धड सांगता आलं नाही.

२१ मार्च

पहाटे खाट हलली. ६ वाजून ८ मिनिटांनी ४.५ रिश्टरचा धक्का, दहाएक मिनिटांनी ३.६चा दुसरा. सगळी गल्ली रस्त्यावर. वसमत तालुक्यात पांगरा शिंदेच्या बाजूला जमिनीतून गूढ आवाज येतात हे इथल्यांना नवं नाही, पण बायाबापड्यांच्या तोंडी लगेच किल्लारी आलं. तिथे १९९३च्या भूकंपात दगडमातीच्या भिंतींखाली माणसं गेली. पत्र्यांवर ठेवलेले दगड काढून घ्या, असा प्रशासनाचा निरोप दिवसभर फिरत होता.

दुपारी शाळेवर. कालचे फोटो कॅमेऱ्यात मोठे करून एकेक भेग ताडून पाहिली. कमानीच्या डोक्यावरची चीर होती तेवढीच. मुलं लिंबाखाली बसली होती.

मुख्याध्यापकांचा नूर पालटलेला. “सर, फोटो आम्हाला द्या. प्रस्तावाला जोडतो.”

२३ मार्च

पापुद्र्यांचा फोटो त्यांना दाखवला. त्यांनी शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना हौसेनं फिरवून दाखवला आणि परत केला. “हा चालत नाही. अक्षांश-रेखांश, तारीख पाहिजे. जीपीएसवाला काढा.” तिपाई गाडीत ठेवली, त्यांच्याच मोबाइलवर ॲप उघडलं. चिरेला फूटपट्टी लावून एक, पडलेल्या खणाचा एक, चारी बाजूंनी चार.

ओसरीचा फोटो घेणार तोच त्यांनी हात आडवा धरला. “थांबा. आधी हळदीची पोती हलवू. इमारत वापरात नाही असं लिहिलंय आपण.”

दोन पोरं आणि मी, तिघांनी पोती ओढून नव्या खोलीच्या व्हरांड्यात लावली.